नाताळात विवेकानंद कुठे होते?

अमेरिकेत डिसेंबर लागला की दोन इसमांपासून सुटका नसते. एक स्क्रूज नावाचा कंजूष म्हातारा आणि दुसरा अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला. गाव केवढंही असो, महिनाभर तिथलं थिएटर या दोघांपैकी एकाच्या ताब्यात जातं. शहर मोठं असेल तर दोघांच्याही. मिनियापोलिसचं गथ्री थिएटर १९७५ पासून स्क्रूजला सुधारत आलंय, शिकागोचं गुडमन थिएटर १९७८ पासून. म्हातारा भुतं बघतो, घाबरतो, कारकुनाचा पगार वाढवतो, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा होता तसाच हजर. आपल्याकडे चौकशी समित्यांच्या शिफारशी साधारण याच पद्धतीने अमलात येतात.

हे सगळं धर्मादाय चालतं अशी कोणाची समजूत असेल तर त्याने थिएटरच्या हिशेबनिसाला गाठावं. वर्षभर प्रायोगिक नाटकं करायची, समीक्षकांनी त्यांची वाखाणणी करायची आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचं नुकसान डिसेंबरात स्क्रूजने भरून द्यायचं, अशी तिथली विभागणी आहे. बॅले कंपन्यांची तर वर्षभराची चूल ‘नटक्रॅकर’च्या तिकिटांवर पेटते. पैशाचा लोभ वाईट, हे सांगणाऱ्या नाटकाइतका गल्ला दुसऱ्या कुठल्याच नाटकाला जमत नाही.

जमला नाही तो फक्त मूळ लेखकाला. चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आलं आणि नाताळाच्या आत सहा हजार प्रती खपल्या. डिकन्सने हजार पौंड सुटतील असा हिशेब केला होता; सोनेरी कडा आणि रंगीत चित्रं यांचा खर्च वजा जाता हातात आले २३०. पुढच्याच महिन्यात एकाने पुस्तकाची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, चोराने दिवाळं काढलं आणि कोर्टखर्चाचे सातशे पौंड विजेत्याच्या खिशातून गेले. कादंबरीवरून नाटक करायला त्या काळी लेखकाला विचारावंही लागत नसे. ५ फेब्रुवारी १८४४ या एकाच दिवशी लंडनमध्ये तीन थिएटरांत तीन स्क्रूज उभे राहिले. म्हणजे मूळ पुस्तकाची शाई वाळायच्या आत रूपांतरकार कामाला लागले होते, ते अजून थांबलेले नाहीत.

आता तेच नाटक, तेच प्रेक्षक आणि तेच संवाद, हे किती वर्षं चालणार? तिसऱ्या भुताच्या वेळी आजोबा घोरतात आणि नातू पुढचं वाक्य आधीच बोलून टाकतो. अशा वेळी कार्यकारिणीतल्या कोणाला तरी सुचतं, की गोष्ट आपल्या गावात आणू या. लंडनऐवजी आपली नदी, आपली गिरणी, आपलं जुनं रेल्वे स्टेशन. डॉली पार्टनने आपल्या संगीतिकेत स्क्रूजला थेट टेनेसीच्या डोंगरात, १९३० च्या दशकातल्या मंदीत सापडलेल्या खाणीच्या गावात नेऊन बसवलंय, आणि तो तिथे शोभतोही. खाणमालकाला कंजूष व्हायला भुतांची मदत लागत नाही.

कल्पना ठरावासह मंजूर होते. घोडं अडतं ते स्क्रूज कोणाला करायचं इथे. गावात शंभर वर्षांपूर्वी पिळवणूक कोण करायचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच्याच नावाची पाटी थिएटरच्या दर्शनी भिंतीवर असते, आणि त्याचे पणतू देणगीदारांच्या यादीत सर्वांत वरच्या, जाड टायपातल्या ओळीत. मग स्क्रूज ‘काल्पनिक’ होतो, किंवा शेजारच्या गावचा होतो. पाठोपाठ इतिहास मंडळाचे ज्येष्ठ सभासद येतात. त्या साली आपल्याकडे गॅसचे दिवे नव्हते, टर्की नव्हे तर हंस खायचे, आणि पूल दोन वर्षांनी झाला, तेव्हा कारकुनाच्या पोराला, टिमला, पुलावरून आणू नका. लंगडा टिम मग नदीच्या याच काठावर राहतो. त्याचं काम करणाऱ्या पोराची आई दिग्दर्शकाची बहीण असते, हा इतिहासही स्थानिकच.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. मोलियेरचं फ्रेंच नाटक मर्फीने इंग्लंडात नेलं, ते देवलांनी उचललं आणि १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं. फाल्गुनरावाचा संशय मुळात पॅरिसचा आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. तो आपल्याच आळीतला वाटतो. पु. लं.नी लंडनच्या फुलवालीची मंजुळा केली, तीही अस्सल इथलीच झाली. पण आपल्या रूपांतरकारांनी माणसं बदलली, बोली बदलली, रागदारी घातली. सनावळी कधी आणली नाही. अमुक साली, अमुक घटनेच्या आदल्या रात्री, असा मुहूर्त धरून परकी गोष्ट गावात उतरवायची ही खोड अमेरिकनांची. इतिहास कमी असला की तो पुरवून वापरावा लागतो, असं माझे काका म्हणतात.

काका हे पुण्यात हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. हिवाळ्यात आमच्याकडे शिकागोला आले होते. बर्फात बाहेर पडता येईना, म्हणून लॅपटॉपवर निरनिराळ्या शहरांचे ‘नटक्रॅकर’ बघायचे आणि त्यांचे पेपर तपासायचे, हा त्यांचा दिनक्रम झाला.

मूळ गोष्ट साधी आहे. जर्मन लेखक हॉफमनने ती १८१६ साली लिहिली. नाताळच्या आदल्या रात्री एका सुखवस्तू घरातल्या मुलीला लाकडी बाहुला भेट मिळतो, मध्यरात्री उंदरांच्या राजाशी त्याची लढाई होते, मुलगी बाहुल्याला वाचवते, बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि तिला मिठायांच्या राज्यात घेऊन जातो. चायकोवस्कीच्या संगीतावर त्याचा बॅले पीटर्सबर्गला डिसेंबर १८९२ मध्ये झाला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. अमेरिकेने तो पुढे दत्तक घेतला आणि असा पोसला, की आता रशियाला तो परत मागता येणार नाही.

वॉशिंग्टन शहराच्या बॅलेने २००४ साली आपली आवृत्ती काढली. काळ १८८२, जागा जॉर्जटाउन. तिथे लाकडी बाहुला म्हणजे साक्षात जॉर्ज वॉशिंग्टन, आणि उंदरांचा राजा कोण, तर इंग्लंडचा तिसरा जॉर्ज. अमेरिकेचं अख्खं स्वातंत्र्ययुद्ध दिवाणखान्यात, नाताळच्या झाडाखाली, साताठ मिनिटांत निकालात निघतं. पुढच्या अंकात पोटोमॅक नदीकाठी चेरीचा बहर नाचतो. काकांनी तिथे व्हिडिओ थांबवला. ‘अरे, चेरीची झाडं यांना टोकियोहून आली १९१२ साली. तीस वर्षं आधी फुलली कशी?’ हे मुलीचं स्वप्न आहे, असं मी म्हटलं. ‘स्वप्नालासुद्धा सनावळी असते,’ म्हणाले.

सॅन फ्रान्सिस्कोची आवृत्तीही २००४ चीच. १९०६ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झालं, ते सावरलं हे जगाला दाखवायला त्यांनी १९१५ साली मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्या वर्षीचा नाताळ बॅलेत आहे. कल्पना गोड आहे. शहरात बर्फ पडत नाही, म्हणून रंगमंचावर कागदी बर्फाचा असा मारा करतात की नर्तिका मधूनमधून दिसेनाशा होतात. इथेही काकांचा शेरा पडला: प्रदर्शन ४ डिसेंबरलाच आटोपलं होतं, नाताळात तिथे उरला असणार तो फक्त मांडव सोडणारा कंत्राटदार.

या दोन्ही आवृत्त्यांत इतिहास आहे तो पोशाखापुरता. विग काढला, मिशी काढली, की खाली तोच जुना बाहुला. शिकागोने मात्र वेगळं काही केलं, आणि काकांना नेऊन दाखवावं असं वाटलं ते यामुळे.

शिकागोच्या जॉफ्री बॅलेचं नाव ज्याच्यावरून पडलं तो रॉबर्ट जॉफ्री मूळचा खान; वडील अफगाण, आई इटालियन. त्याने बसवलेला नटक्रॅकर कंपनीने १९८७ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षं नाचवला. २०१६ साली तो बाजूला ठेवून क्रिस्टोफर व्हील्डन या इंग्रज नृत्यदिग्दर्शकाला नवा बसवायला सांगितलं. स्थानिक इतिहास लिहायला बाहेरचा माणूस बरा, त्याला कोणाच्या पणतूला नमस्कार करावा लागत नाही. व्हील्डनने काळ घेतला २४ डिसेंबर १८९२ आणि जागा घेतली जॅक्सन पार्कातली, जिथे कोलंबसाच्या आगमनाला चारशे वर्षं झाली म्हणून जागतिक प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. आता ही तारीख बघा: पीटर्सबर्गला मूळ बॅलेचा पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ चा. तिकडे समीक्षक नाकं मुरडत होते त्याच आठवड्यात इकडे मजुरांच्या झोपडीत ही गोष्ट घडते.

झोपडी हे महत्त्वाचं. जुन्या बॅलेत श्रीमंताघरची मेजवानी आहे, झुंबरं आहेत, मुलांना भारी खेळणी आहेत. इथे फळ्या ठोकून उभी केलेली खोली, त्यात एक शिल्पकार बाई आणि तिची दोन मुलं, मेरी आणि तिचा धाकटा भाऊ. नवरा नाही. शेजारपाजारचे परदेशातून आलेले मजूर हातात मिळेल ते घेऊन नाताळ साजरा करायला येतात आणि आपापल्या देशाचे नाच करतात. उंदीर आणायला जादू लागत नाही. बांधकामावरच्या झोपडीत ते असायचेच. जादू करणारा येतो तो प्रदर्शनाचा सर्वेसर्वा, ‘ग्रेट इम्प्रेसारिओ’. मूळ गोष्टीतल्या मुलीच्या गूढ धर्मपित्याची जागा त्याने घेतलीय. बाईंच्या कामावर त्याची नजर आहे आणि, खोटं कशाला बोला, बाईंवरही आहे.

ही शिल्पकार बाई कल्पनेतली, पण हवेतली नाही. प्रदर्शन वेळेत उरकेना तेव्हा लोराडो टॅफ्ट या शिल्पकाराने विचारलं, की हाताखाली मुली घेऊ का? वास्तुप्रमुख डॅनियल बर्नहॅमचं उत्तर असं सांगतात, की कामाचे असतील तर पांढरे ससे घेतलेस तरी चालेल. तेव्हापासून त्या मुलींचं नाव ‘पांढरे ससे’ पडलं, आणि त्यांतल्या काहींनी पुढे शिल्पकार म्हणून नाव काढलं. नाताळच्या बॅलेला हवीच तेवढी परीकथा त्या बांधकामाच्या हजेरीपटात आधीच लिहून ठेवलेली होती.

आणि ते बांधकाम तरी कसलं? ‘व्हाइट सिटी’ म्हणून गाजलेली ती पांढरीशुभ्र संगमरवरी नगरी संगमरवराची नव्हतीच. लोखंडी-लाकडी सांगाडा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस, सिमेंट आणि तागाच्या धाग्यांचं मिश्रण. सहा महिने टिकली म्हणजे झालं. आपला गणपतीचा देखावाच, फक्त सहाशे एकरांवर आणि विसर्जनाची तारीख लांबलेली. बरीचशी नगरी पुढे १८९४ च्या आगींत जळालीच. जिथे सगळं शहरच नाटकाच्या सेटसारखं बांधलं होतं, तिथली गोष्ट नाटकाच्या सेटवर खोटी वाटत नाही.

खरी करामत मात्र दुसऱ्या अंकात आहे. ‘नटक्रॅकर’चा दुसरा अंक ही सगळ्या दिग्दर्शकांची डोकेदुखी. त्यात काही घडतच नाही. मुलगी खुर्चीवर बसते आणि मिठाया येऊन नाचून जातात: चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. कथानक मध्यंतरातच चहा प्यायला गेलेलं असतं. व्हील्डनने मिठायांऐवजी प्रदर्शनातले देशोदेशीचे मंडप आणले, आणि गाठ सुटली. कारण प्रदर्शनालाही कथानक नसतं. माणूस या मंडपातून त्या मंडपात जातो, थोडं बघतो, थोडं खातो, पाय दुखले की बसतो. शिकागोच्या त्या प्रदर्शनात खरोखरच तळ्यात व्हेनिसच्या गोंडोला फिरत होत्या आणि कैरोच्या रस्त्यावर नाचणाऱ्या बायका होत्या. शंभर वर्षांहून जुना दोष शिकागोच्या इतिहासाने मिटवला, तोही जणू त्यासाठीच घडून ठेवल्यासारखा.

रशियन नाचाच्या संगीतावर तिथे बफेलो बिल दोरी फिरवत येतो. या बफेलो बिलला प्रदर्शनात जागा नाकारली होती. पठ्ठ्याने शेजारचीच जमीन भाड्याने घेऊन आपला ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ लावला आणि बख्खळ पैसा केला. आता बॅलेत तो दिमाखात आतल्या मंडपात नाचतो. प्रवेश मिळायला १२३ वर्षं लागली, पण मिळाला. शेवटी मेरीची आई सोन्याची मूर्ती होऊन, प्रदर्शनाची राणी म्हणून अवतरते. खऱ्या प्रदर्शनात असा पासष्ट फुटी सोनेरी पुतळा होता, डॅनियल चेस्टर फ्रेंचने केलेला. त्याची चोवीस फुटी प्रतिकृती १९१८ पासून जॅक्सन पार्कात उभी आहे. दिवसभर प्लास्टरमध्ये हात घालणारी आई मुलीच्या स्वप्नात स्वतःच पुतळा होते, हे पाहताना माझ्या शेजारी मखमली फ्रॉक घातलेली एक पोर तोंडातली गोळी चघळायची विसरली.

दुसऱ्या बाजूला काका. ते खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते, कार्यक्रमपत्रिका दोन्ही हातांत घट्ट. पडदा पडला, टाळ्या झाल्या, दिवे लागले, आणि काकांनी विचारलं, ‘विवेकानंद कुठायत?’

आमच्या पुढच्या रांगेतल्या दोन भारतीय बायका वळल्या. त्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसला.

काकांचं म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला शिकागो म्हटलं की एकच तारीख आठवते, ११ सप्टेंबर १८९३. सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. बफेलो बिल चालतो, चिनी मंडप चालतो, मग भगवा फेटा दोन मिनिटं आला असता तर काय बिघडलं असतं? आणि विवेकानंद एकटेच नव्हते. मुंबईच्या ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकर परिषदेत बोलले होते; त्यांचं नाव आज आपल्याकडेही कोणी काढत नाही. राजा रविवर्म्याची दहा चित्रं प्रदर्शनात होती आणि त्यांना बक्षीसही मिळालं. ‘आपला एवढा मोठा वाटा,’ काका म्हणाले, ‘आणि नाचायला कोण, तर अक्रोड!’

मी म्हटलं, काका, परिषद जॅक्सन पार्कात नव्हती. ती इथून जवळ, मिशिगन अव्हेन्यूवर, आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत भरली होती. शिवाय गोष्ट आहे २४ डिसेंबर १८९२ च्या रात्रीची. त्या नाताळात विवेकानंद कुठे होते?

काका थबकले. निवृत्त झाले तरी मास्तरच. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. ‘कन्याकुमारीला,’ म्हणाले. ‘खडकावर.’ मग जिना उतरताना, कोट घालताना आणि बाहेरच्या गार वाऱ्यात टोपी सावरताना ते गप्प होते. मला वाटलं, तारखेपुढे काकांनी हात टेकले. गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘मग तो खडक दाखवायला काय हरकत होती? एकनाथजी रानड्यांनी समुद्रात अख्खं स्मारक उभं केलं, यांना पुठ्ठ्याचा खडक जमला नसता?’

काकांचा खडक हसण्यावारी नेता येतो, पण तसाच प्रश्न अमेरिकेतच, प्रदर्शनाच्याच वर्षी, फार गंभीरपणे विचारला गेला होता. या प्रदर्शनाच्या आखणीतून आणि कारभारातून अमेरिकेच्या काळ्या नागरिकांना दूर ठेवलं होतं. आयडा वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्याचा जाब विचारणारी पुस्तिका काढली आणि प्रदर्शनाच्या आवारातच वाटली. डग्लस तिथे हजर होता तो हैती देशाचा प्रतिनिधी म्हणून. स्वतःच्या देशाने त्याला मंडप दिला नव्हता. बॅलेतल्या सोनेरी मूर्तीजवळ ही पुस्तिका कुठे दिसत नाही. नाताळच्या तिकिटात तेवढा इतिहास बसत नाही, हे मला कळतं. तरीही झोपडीतले मजूर आणता आले, तिथे पुस्तिका वाटणारी एक बाई आणता आली असती, असं माझं मत आहे, आणि ते काकांच्या खडकापेक्षा अमलात आणायला सोपं आहे.

उणीव धरूनही शिकागोची आवृत्ती बाकीच्यांपेक्षा सरस ठरते ती एका साध्या निवडीमुळे. वॉशिंग्टनने राष्ट्राध्यक्ष घेतला, शिकागोने प्लास्टर कालवणारी बाई घेतली. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हा बालनाट्यांचा हंगाम. जुनी चेटकीण, जुना राक्षस पुन्हा उभे राहतात आणि पोरं आनंदाने किंचाळतात. त्यातल्या एखाद्या गोष्टीला कोणी गावचा मुहूर्त द्यायला तयार असेल तर मी एक सुचवतो. नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. त्याआधी तीन वर्षं त्या घाटात रूळ टाकणं चाललं होतं, आणि सोळा लाख रुपये घालणारे सर आदमजी पीरभॉय म्हणजे तयार इम्प्रेसारिओ आहेत. घाटात खडी फोडणाऱ्या बाईची मुलगी घ्या, ऑक्टोबरचं धुकं घ्या, आणि उंदरांच्या राजाऐवजी माथेरानची माकडं घ्या. त्यांना तालमीची गरज नाही.

फक्त नाटककार मंडळींना दोन विनंत्या आहेत. टाळ्या कमी पडतील या भीतीने दुसऱ्या अंकात कोणा थोर पुरुषाला स्टेशनवर उतरवू नका. आणि नगराध्यक्षांचा सत्कार करायचाच असेल तर तो पडदा उघडायच्या आधी उरका. मध्यंतरात केलात तर माकडांच्या पोशाखातली पोरं विंगेत थांबत नाहीत.